बाहेरची कडी

१

देवपूरहून आम्ही पहाटे निघालो तेव्हा जीपच्या टपावर पत्र्याचं नवं दार दोरखंडाने आवळलेलं होतं. आत मी, ज्योत्स्ना सिस्टर आणि बादल. मागे औषधांची खोकी, दोन सतरंज्या आणि ढोलकी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीतले दोघे-तिघे दरवर्षी एखाद्या गावी दहा दिवस राहतात. सकाळी तपासणी, दुपारी मुलांचा वर्ग, संध्याकाळी गाणी आणि प्रार्थना. यंदाचं गाव मी निवडलं होतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी साठेक घरं आहेत. माझे वडील अशाच एका पाड्यावर वाढले, शिकून शिक्षक झाले आणि मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला दक्षिणेतल्या एका वसतिगृहात पाठवलं. पुढची पंधरा वर्षं मी तिकडेच होते. गेल्या जूनमध्ये परतले ते पक्कं ठरवून, की देवाने मला जे दिलं ते या डोंगरांचं आहे. घरी मला अजून 'बेंगलोरवाली' म्हणतात. मी ते मनावर घेत नाही.

तपासणी आणि प्रार्थनेसाठी आम्ही गावात एक खोली बांधत होतो. विटांच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर जानेवारीतच झालं होतं. दार तेवढं बाकी होतं. बादल एरंडोलला ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करतो. त्याने दोन तासांत दार बसवलं आणि बाहेरची कडी चार वेळा सरकवून पाहिली. डावीकडे सरकवली की बंद, उजवीकडे की उघडी.

"सिस्टर, आता तुम्हाला कोंडून ठेवता येईल," तो म्हणाला. "गावाची इंजेक्शनं वाचतील."

"पहिलं तुलाच टोचते. सुई निवडून ठेवली आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

पाहायला पंधरा-वीस माणसं जमली होती. मोहाची फुलं वेचून आलेल्या बायका टोपल्या न उतरवता उभ्या होत्या. कोणी हसलं नाही. बादलने कडी पाचव्यांदा सरकवली तेव्हा अंगणात कोणीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी प्रार्थनेचं आमंत्रण द्यायला मी घरोघर फिरले. कुडाच्या घरांना दारं म्हणून बांबूची झापं होती. माणसं बाहेर जाताना त्यांना फक्त बोरीची फांदी टेकवून जात. घरकुल योजनेतल्या नव्या घरांना लोखंडी दारं होती, पण बाहेरची कडी एकाही दाराला नव्हती. प्रत्येक ठिकाणी ती कापून काढलेली होती. कडीच्या जागी दोन खुंट उरले होते, आणि ते कानसून गुळगुळीत करायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

या गावाला चोरीची भीती नाही, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. परस्परविश्वासाचं उदाहरण म्हणून.

२

दुसऱ्या दिवशी तपासणीला पहिली आली ती रेशमा. सव्वीस वर्षांची, अंगाने किरकोळ. तिने ना ताप सांगितला ना खोकला.

"ताई, आखाजीनंतर माझं लग्न आहे. पुन्या जळगावला दाल मिलमध्ये आहे. त्याने खोली घेतली आहे. एकच खोली, एकच दार."

"मग चांगलंच आहे की."

"मी दार लावून आत राहू शकत नाही. पावसाळ्यातपण ओट्यावरच झोपते. पुन्या म्हणतो, लग्न झालं की जाईल. मला माहीत आहे, जाणार नाही. मग तो किती दिवस ओट्यावर बायको ठेवणार? तुमच्या प्रार्थनेत याच्यावर काही आहे का?"

ती सहा वर्षांची असताना या गावात तिच्या घराला बाहेरून कडी लावून आग लावण्यात आली होती. आत आठ माणसं होती. आईने कुडाला भोक पाडून रेशमाला बाहेर ढकललं. बाकीची सात राहिली. का, असं मी विचारलं तेव्हा प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं. ती इथे लिहिणार नाही. त्यांतलं एकही सात माणसांएवढं नव्हतं. खटला चालला. कडी कोणाच्या हाताने लागली हे कोणालाच सांगता आलं नाही आणि सगळे सुटून घरी परतले. रेशमा त्यांच्यातच वाढली, हिलाल नानांच्या घरी.

दाराबाहेर हिलाल नाना तिची वाट पाहत उभे होते. सत्तरीचे, काठी न घेणारे.

"पोरी," ते मला म्हणाले, "ती बाहेरनी कडी काढी टाक."

"नाना, आत औषधं आहेत. कुलूप लागणारच."

"कोनी काही लई जात नही. मी जामीन शे."

"तुम्ही कशाला घाबरता? लोखंड आहे ते."

"लोखंडनी भीती नही, पोरी." ते कडीकडे पाहत नव्हते. माझ्या हातांकडे पाहत होते.

बेंगळुरूला मी एक वर्षभर फक्त सलोखा शिकले. तिथे आफ्रिकेतल्या एका देशातून एक पाद्री शिकवायला येत. त्या देशात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं होतं. ते म्हणत, भीतीची खूण पुसून टाकाल तर भीती तशीच राहील, त्या खुणेवर हात ठेवा. मी ठरवलं, कडी राहील. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत रेशमा आत बसेल. दार नुसतं लोटलेलं असेल. गावातला एकेक माणूस येईल, आपल्या हाताने दार उघडेल आणि तिची क्षमा मागेल. वीस वर्षांपूर्वी जे कोणी केलं नाही ते आता करतील, आणि तिच्या मनातलं दार उघडेल.

ज्योत्स्नाला हे पटलं नाही. "मोनाली, हा उपचार आहे की नाटक?"

रेशमा मात्र लगेच हो म्हणाली. तिच्याकडे आखाजीपर्यंतचेच, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतचेच, दिवस होते. तिने एकच विचारलं, "तुम्ही बाहेर असाल ना?"

"मी दाराला टेकूनच उभी असेन. माझ्यात जीव आहे तोवर ते कोणी लावणार नाही."

३

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हापशावरून पाणी घेऊन आले तर आतून दार वाजत होतं. कडी लागलेली होती. मी कळशी खाली ठेवली आणि कडी सरकवली. ज्योत्स्ना घामाने भिजली होती.

"ही काय थट्टा आहे? पाव तास हाका मारते आहे."

"मी आत्ता येतेय."

"तूच लावलीस. फटीतून तुझी ओढणी दिसली मला. हिरवी."

माझी ओढणी हिरवीच होती. पण मी हापशावर होते, रांगेत सहावी. यशोदाबाई नावाच्या म्हातारीने मला नंबर दिला होता आणि वर 'बेंगलोरले हापसा ऱ्हास का?' असं विचारून सगळ्यांना हसवलं होतं. मी ज्योत्स्नाला हे सगळं सांगितलं. ती पदराने मान पुसत राहिली.

"मग बादल असेल," ती शेवटी म्हणाली.

बादल जीपखाली झोपलेला होता. आम्ही त्याला उठवून दम दिला. त्याने येशूची, आईची आणि जीपच्या नव्या टायरांची शपथ घेतली. शेवटच्या शपथेवर आम्ही विश्वास ठेवला.

कडी नवी आहे, दार आपटलं की घसरत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग दार वीस वेळा आपटून पाहिलं. ती एकदाही घसरली नाही. ज्योत्स्ना हे सगळं पाहत होती.

४

पाचव्या दिवशी मी एकटी आत होते. मुलांच्या वर्गासाठी चित्रं रंगवत होते. पत्रा तापून टकटक वाजत होता. दार मी स्वतः पूर्ण उघडून दगड लावून ठेवलं होतं. केव्हातरी खोलीत अंधारल्यासारखं वाटलं आणि मी मान वर केली. दार लोटलेलं होतं.

बाहेर पावलं वाजत होती. एकदोघांची नव्हेत. वाळल्या पानांवरून पुष्कळ माणसं चालत यावीत तशी ती येत होती, थांबत होती, मागच्यांना जागा करून देत होती. लुगड्याची सळसळ ऐकू आली. कोणीतरी खाकरलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी येते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायांनी भरून गेली.

"कोण आहे?" मी विचारलं.

माणसं वाट पाहताना श्वास घेतात तसा श्वास तेवढा ऐकू येत होता. घाई नव्हती, रागही नव्हता. मी दार ढकललं. ते हललं नाही. मी प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच वाक्याला शब्द विसरले. लहानपणापासून पाठ असलेले शब्द.

मग कडी करकरली आणि दार उघडलं. बाहेर बादल होता. त्याच्यामागे अंगण रिकामं, कोरडं, पांढरंफटक.

"कोण कोण होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच."

"बरं झालं उघडलंस."

त्याचा हात अजून कडीवरच होता आणि तो त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहत होता. मग तो घरच्या बोलीत पुटपुटला, "ताई, मी उघडाले उनू व्हतू का लावाले, ते आते माले सांगता येत नही."

मी हसायचा प्रयत्न केला. तोही हसला. चारच्या सुमाराला त्याने पिशवी भरली. एरंडोलहून कटिंग मशीन आणतो आणि कडी उडवतो, म्हणाला. जीप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, मशीन बिघडलं आहे. त्याच्या पुढच्या दिवशी फोन लागला नाही.

मी जाड तार आणली. कडी उजव्या टोकाला, उघड्या बाजूला नेली आणि तारेचे चार वेढे मारून पक्कडीने पिळले. आता कोणीही आलं तरी ती डावीकडे सरकणार नव्हती. रेशमाला बोलावून ते दाखवलं. तिने तार ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळी हसली.

"अशी तार पुन्याच्या दाराला पण बांधून द्या," ती म्हणाली. "आहेर म्हणून."

५

उत्तम शुक्रवारची आमची उपासना दुपारी बारा ते तीन असते. बारालाच अंगण भरलं. मला दहाबारा माणसांची आशा होती. पन्नासेक आली. पुरुषही आले. गाणं म्हणायला सांगितलं तर सगळे माझ्यामागून म्हणू लागले, हळू, एका आवाजात. मला भरून आलं. ज्योत्स्ना लिंबाखाली औषधांची पेटी घेऊन बसली होती.

रेशमा स्वतःच आत गेली. सतरंजीवर बसली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि मला मान डोलावून दाखवली. मी दार लोटलं. तार जागेवर होती. मी दाराला पाठ टेकवून उभी राहिले. पत्र्याचा चटका कुर्त्यातून लागत होता.

सर्वांत आधी यायचं हिलाल नानांनी कबूल केलं होतं. ते पुढे आले आणि तीन पावलांवर थांबले.

"या, नाना. उघडा."

"तू बाजूले हो, पोरी. मंग मी येस."

"मी तिला शब्द दिला आहे. मी इथून हलणार नाही."

"त्या दिनले बी एक जण असाच दारले टेकीसन उभा व्हता," ते म्हणाले. "उघडाले."

"कोण?"

नानांनी मान मागे वळवून अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बठ्ठा." म्हणजे सगळे.

मी लोकांकडे पाहिलं. एकही जण माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. सगळे माझ्या हातांकडे पाहत होते, दुःखाने, जसं आजारी माणसाकडे पाहतात तसं. त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे घेतले होते. बायकांनी पदरात, पुरुषांनी काखेत. लहान मुलांचे हात आयांनी धरून ठेवले होते.

आतून रेशमा म्हणाली, "ताई, फार गरम होतंय. उघडा आता."

"उघडते," मी म्हणाले आणि वळले.

कडीवर तार नव्हती. ती माझ्या डाव्या हातात होती, सरळ केलेली. केव्हा सोडवली ते मला आठवत नाही.

मी उजवा हात कडीवर ठेवला. लोखंडाने चर्रकन भाजलं. मी ती उजवीकडे सरकवायला लागले. हे मी देवाला साक्षी ठेवून लिहिते, उजवीकडे. आणि ती सरकत होती. दाराचा पत्रा नवा होता, त्यात धुरकट का होईना, प्रतिबिंब पडत होतं. मी दिसत होते. माझ्यामागे माणसं होती, पण ती पन्नास नव्हती. त्यांच्यामागे लिंब दिसत नव्हता, अंगण दिसत नव्हतं, नुसती माणसंच होती. आमच्या मंडळीत आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना एकाच्या हातावर दुसरा, दुसऱ्याच्या हातावर तिसरा हात ठेवतो. तसा माझ्या हातावर एक हात होता, त्याच्यावर आणखी एक, त्याच्यावर आणखी. मला वजन जाणवलं नाही.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मला त्या वेळी भीती वाटली नाही. इथे परतल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी एकटी नाही, मी यांच्यातली आहे. मला शांत वाटलं. आतून दार वाजणं कुठल्यातरी दुसऱ्या गावातून येत असावं तसं लांब होतं.

६

जळगावच्या दवाखान्याच्या बाकावर ज्योत्स्नाने माझ्या तळहाताला मलम लावलं. आडवा फोड आला होता. मी तो बराच वेळ निरखून पाहिला. त्यावरून कडी कुठल्या बाजूला सरकवली ते कळत नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"शक्य नाही. ती म्हणाली, उघडा, आणि मी लगेच..."

"दार उघडंच होतं, मोनाली. नुसतं लोटलेलं. ती म्हणाली उघडा, तू वळलीस, तार सोडवलीस आणि कडी लावलीस. मग हात तिथेच ठेवून उभी राहिलीस. ती आतून ठोकत होती. तुझं नाव घेत होती. वर तापलेला पत्रा. ठोकणं बंद झालं तेव्हा तू कडी सरकवलीस आणि आत गेलीस. तोवर लोक निघून गेले होते."

रेशमा उंबऱ्याशीच पडलेली होती, गाल दाराच्या फटीला लावून. गावातल्या मोतीलालच्या टेम्पोतून आम्ही तिला आणलं. अंगाचा ताप मोजून डॉक्टरांनी तिला लगेच आत नेलं होतं.

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले. "तू वीस पावलांवर होतीस, ज्योत्स्ना. तू का आली नाहीस?"

तिने मलमाची ट्यूब बंद केली. झाकण नीट बसलं आहे की नाही ते दोनदा पाहिलं. मग आपले दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाली,

"मी येतच होते."

७

रेशमा रविवारी शुद्धीवर आली. ईस्टर, पुनरुत्थानाचा दिवस. चर्चमधून मला तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. वॉर्डाच्या दाराला मी हात लावला नाही. आयाबाई आत जाईपर्यंत थांबले आणि तिच्यामागून शिरले.

पुन्या स्टुलावर बसलेला होता. दाल मिलमधून सरळ आलेला, केसांत अजून पिवळी पूड. तो उठून उभा राहिला आणि मला नमस्कार केला. गावातलं कोणी आलं नव्हतं. हिलाल नाना खाली फाटकाशी बसून होते, असं तो म्हणाला. वर यायला तयार नव्हते.

रेशमाचे ओठ फुटले होते. तिने माझा बांधलेला हात पाहिला आणि तो आपल्या हातात घेतला.

"भाजलं ना तुम्हाला."

मला तिच्यासमोर गुडघे टेकायचे होते. कबुली कशी द्यायची हे मी एक वर्ष शिकले होते, दहा दिवस दुसऱ्यांना शिकवत होते. मी वाक्य तयार करून आले होते. माझ्या हाताने लागली. एवढंच.

"ताई," ती म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा येत होता. "मला एकच सांगा. पुन्याला पण ऐकायचं आहे. तुम्ही उघडत होत्या ना?"

पुन्या माझ्याकडे पाहत होता. त्याने खोली घेतली होती. एकच खोली, एकच दार.

मी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं. मला फक्त उजवी बाजू आठवली.

"हो," मी म्हणाले. "उघडायलाच आले होते. कडी अडकली होती."

तिने डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. पुन्याने स्टूल जवळ ओढलं. मला वाटलं ती झोपली, म्हणून मी हात सोडवू लागले, तर तिने तो अजून घट्ट धरला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "घरी गेले की पुन्हा बसते मी आत. आखाजीला वेळ आहे अजून. फक्त बाहेर तुम्हीच उभ्या राहा, ताई. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."